बाबांनी मागितलेली कुपी

८ नोव्हें., शनि.
अखेर जमलं! उंदराच्या हृदयाच्या मरगळलेल्या पेशी. पेप्टाइड दिलं, ते सरळ मायटोकॉन्ड्रियात, पेशीच्या वीजघरात, शिरलं आणि पेशी पुन्हा धडधडू लागल्या. दोन वर्षं याच्यासाठी डोकं फोडलं. संध्याकाळी आनंद नगरला बाबांकडे, सांगितल्याशिवाय राहवेना. म्हणाले, "म्हणजे पॉवरहाउसचं मेंटेनन्स म्हण की." जन्म कारखान्यात गेला, दुसरं काय सुचणार.

११ नोव्हें., मंगळ.
बाबांना घेऊन टाउनशिपमधल्या जुन्या क्वार्टरकडे. त्यांचाच हट्ट. हृदय कमजोर, वीस-तीस पावलांत दम लागला. याच रस्त्याने भोंगा वाजला की सायकल हाणत जायचे, मी मागे कॅरियरवर. गणपतीच्या नाटकाची तालीम आमच्याच अंगणात, आईचा चहा सगळ्यांना. आता तिथे कुणाची तरी मोटार. फार वाईट वाटलं.
नाल्यावरच्या पुलियाच्या कठड्यावर टेकलो तेव्हा म्हणाले, "तुझ्या त्या औषधाची एक कुपी आण ना घरी."
ऐकूच आलं नाही असं दाखवलं. माझीच जीभ हातभर, कशाला सांगितलं त्यांना.

१२, बुध.
दिवसभर तेच डोक्यात. तिसरीत असताना खेळायचा गाडा करायला मला बेअरिंग हवं होतं. कारखान्याच्या भंगारात ढीग पडलेला. आठवडाभर रडले. "सरकारी आहे, बेटा," एवढंच म्हणायचे बाबा. आमच्या घरात कारखान्याचा एक स्क्रूसुद्धा कधी आला नाही. आणि तोच माणूस आज मला म्हणतो, आण. किती घाबरले असतील.

१६, रवि.
सांगून टाकलं. "बाबा, हे फक्त पेशींवर तपासलंय. माणसाला द्यायचं नसतं. कुपीवर लिहिलेलंच असतं तसं."
"मी जन्मभर टेस्टिंगला होतो. मला नको शिकवूस." मग हळूच, "लोड न देता सगळीच मशीनं पास होतात, खरं आहे तुझं. पण लोड कुणावर तरी द्यावाच लागतो ना? माझ्यावर दे. मी तयार आहे."
मी चिडले. नको ते बोलले. उठून निघाले तर म्हणतात, चहा तरी घेऊन जा. आई गेल्यापासून स्वतःच करतात, अर्धं दूध सांडतं.

२०, गुरु.
स. बाबांचा फोन. "आज बाहेर नाही गेलो. अंगणापर्यंतच." कुपीबद्दल अवाक्षर नाही. मागितली असती तर बरं झालं असतं, निदान 'नाही' म्हणता आलं असतं.
दु. प्रयोग आटोपला. एक कुपी उरली. उरलेलं नष्ट करून रजिस्टरात सही करायची, असा नियम.
सही केली. कुपी फ्रीझरमध्ये, अगदी मागे सरकवून ठेवली.