मुका कोंबडा

प्रिय ठकू,

कोंबड्यांचं पुढे काय झालं, असं तू मागे फोनवर विचारलं होतंस. तेव्हा मी "बरं चाललंय" म्हणून वेळ मारून नेली. आज सगळं नीट लिहितो. जरा निवांत बसून वाच.

सात तलंगा आणल्या होत्या, हे तुला ठाऊक आहे. चार महिन्यांच्या, अजून अंड्यावर न आलेल्या. शाळेचे गणवेश शिवून पाठ भरून आली की तुझी आई खिडकीतून त्यांच्याकडे बघत बसायची. एक दिवस भर दुपारी घारीने त्यातली एक उचलली. आई तिथेच चार पावलांवर कपडे वाळत घालत होती. उरलेल्या सहा जणींनी आकांत मांडला, मी आतल्या खोलीतून धावत आलो, तरी ही आपली पाठमोरी चादर झटकते आहे. मी उखडलो. म्हटलं, "तुझं लक्ष असतं कुठे?" ती म्हणाली, "वाऱ्यात काही कळलंच नाही हो." वारा नव्हता. पण मी विषय वाढवला नाही.

संध्याकाळी तिनेच फर्मान काढलं, की कळपाला राखण हवी, आभाळाकडे बघणारं कुणीतरी हवं. कोपऱ्यावरच्या सुताराकडे दोन कोंबडे होते आणि दोघे एकमेकांच्या जिवावर उठले होते. त्यातला एक त्याने आनंदाने देऊन टाकला. दीड वर्षाचा, तांबडा, शेपटी काळीभोर, वजनाला आपल्या दोन तलंगांना भारी. सुतार म्हणाला, "न्या खुशाल, पण मागाहून तक्रार नको. गळा दांडगा आहे त्याचा."

जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की तीन आठवडे वेगळा ठेवा, रोगराई नाही ना बघा, मग मध्ये जाळी लावून एकमेकांची तोंडओळख होऊ द्या, आणि पोरी अंड्यावर आल्याशिवाय एकत्र सोडू नका. तुझ्या बाबाला धीर कुठला! दहाव्या दिवशीच मी त्याच्या पिंजऱ्याचं दार उघडलं. पाच मिनिटांत सहा तलंगा सहा दिशांना पळाल्या आणि सगळ्यात लहान होती तिच्या पाठीची पिसं उपटली गेली, कातडं सोललं.  आईने जखमेला मलम लावलं आणि गणवेशाच्या निळ्या कापडाची एक छोटी झूल शिवून, पंखांखालून बंद घेऊन, तिच्या पाठीवर बांधली. आठ दिवस ती कोंबडी शाळेत निघाल्यासारखी हिंडत होती. बाकीच्या तिच्याकडे बघत राहायच्या.

पुढे सगळं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे केलं. पहिलं अंडं मिळालं, तेव्हा कुठे एका संध्याकाळी आईने कोंबड्याला उचलून खुराड्यात त्यांच्या शेजारी दांडीवर बसवलं. सकाळी सगळे एकत्र उतरले. थोरल्या तलंगेने त्याला दोन चोची हाणून घरचे नियम सांगितले, ते त्याने ऐकून घेतले. आता दाणा दिसला की हा स्वतः खात नाही, चोचीने उचलतो, टाकतो, टुकटुक करून त्यांना बोलावतो. आई म्हणते, "शिका काहीतरी."

तो आरवतो मात्र भयंकर. आला त्या दिवसापासून, तांबडं फुटायच्या आधीपासून. मी पिंजऱ्यावर घोंगडी टाकून पाहिली. शेजारच्या मास्तरीणबाई भिंतीवरून म्हणाल्या, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" आणि आई मात्र मला सांगायची, "किती गुणी आहे. महिना झाला, एकदाही आरवला नाही. सुताराने मुकाच गळ्यात मारला वाटतं." मी हसलो. वाटलं, लाडक्याची बाजू घेते आहे. एक दिवस मास्तरीणबाई रीतसर तक्रार घेऊन आल्या, की झोपेचं खोबरं होतंय. आई अगदी मनापासून त्यांना म्हणाली, "अहो, तो दुसऱ्या कुणाचा असेल. आमचा मुका आहे." थट्टा केली असं वाटून बाई फणकाऱ्याने निघून गेल्या. त्यांच्या मागे बघत आई मला म्हणाली, "काय लागलं यांना एवढं?" तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

दुसऱ्या सकाळी मी मागच्या दारात उभा राहिलो. ती वाकून पाण्याचं भांडं भरत होती. कोंबडा तिच्या मागेच उपड्या बादलीवर चढला आणि मान ताणून दोनदा आरवला. पलीकडच्या गल्लीत कुत्रं भुंकलं. तिने वळूनही पाहिलं नाही. नंतर ती मशीनवर बसली, तेव्हा मागे जाऊन मी म्हटलं, "अगं, ऐकलंस का?" चौतीस वर्षं या हाकेला ती वळत आली आहे. तिसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडलो, तरी तिच्या हाताखालचं कापड सरकतच राहिलं. ठकू, मी पंपघरात एकतीस वर्षं काढली. पान्याचं टोक पंपाला टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं, आणि कुठलं बेअरिंग जाणार ते आठवडाभर आधी सांगायचं, असा माझा लौकिक. घरातलं मला कळलं नाही.

रविवारी समोर बसून, सावकाश बोलून तिला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती, तो ओवून झाल्यावर म्हणाली, "तरीच." मग दोऱ्याला गाठ मारत, "मला वाटायचं, तुम्ही सगळेच हळू बोलायला लागलात." कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कानांना यंत्रं बसवायची आहेत. बरंचसं परत ऐकू येईल, सगळं नाही. घरी आल्यावर तिने कोंबड्याला मांडीवर घेतलं आणि तासभर त्याच्या गळ्याशी हात ठेवून बसली. मांडीवर तो काही आरवेना.

आता पत्र कशासाठी, ते. मावशीच्या शेवटच्या आजारात तू आली नाहीस, त्यावरून तुझं नि आईचं वाजलं. पुढे तू फोन केलास, आईशी वीस मिनिटं बोललीस, रडलीस, आणि आईने "बरं, जेवत जा वेळेवर" एवढंच म्हणून फोन माझ्या हातात दिला. तू मला म्हणालीस, "बाबा, आईने मला माफ केलं नाही." तेव्हापासून तू तिला फोन द्या म्हणत नाहीस. काल मी तिला विचारलं, त्या दिवशी ठकू काय म्हणाली होती? ती म्हणाली, "काही कळलं नाही हो. पोरगी बोलत होती, म्हणून मी फोन कानाशी धरून ठेवला. पुन्हा विचारायची लाज वाटली. रागावली का ती माझ्यावर? माझ्याशी बोलतच नाही." तू काय बोललीस ते मला ठाऊक नाही, आणि असतं तरी ते मी तिला सांगणं बरोबर नव्हे. ते सगळं कागदावर लिही आणि वेगळ्या पाकिटात, तिच्या नावाने टाक. यंत्रं यायला अजून महिना आहे, तोवर थांबू नकोस.

तुझाच,
बाबा