वरच्या खोलीतला चहा

मंगळवार, १४ ऑक्टोबर

ताई, साष्टांग नमस्कार. पाच महिने पत्र नाही, क्षमा कर. (कामाचं कारण देणार होतो, पण रोजनिशी चाळली तर त्याच पाच महिन्यांत दोन जाडजूड कादंबऱ्या वाचून संपवल्याची नोंद सापडली.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजी रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतात ना? त्यांच्याविषयी पुढे विचारायचंच आहे.

आमच्या कापड गिरणीला गळती लागली आहे. चाळीस विणकरांपैकी अकरा जण दोन महिन्यांत सोडून गेले. कामगार खात्याचा कारकून मी, म्हणून साहेबांनी मलाच कामाला लावलं : कोण जाणार ते आधी ओळखा आणि थांबवा. तेव्हापासून मी ज्याचा त्याचा संशय घेत सुटलो. मागांचा खडखडाट एवढा, की तिथे सगळे ओठांनी आणि हातांनीच बोलतात. माझ्या वरच्या खोलीच्या काचेतून बघताना मला प्रत्येक हात ‘चाललो’ म्हणतोय असं वाटायचं. ज्याचा हात जास्त हलला त्याला मी वर बोलवायचो, खुर्ची द्यायचो, चहा पाजायचो आणि ‘इथे बरं चाललंय ना?’ असं गोड आवाजात विचारायचो. आठवड्याभरात त्याचा राजीनामा यायचा. माझा संशय खरा ठरला म्हणून (लिहायला लाज वाटते) मला आनंदही व्हायचा.

काल सर्वांत जुन्या विणकर बाईंना बोलावलं. त्यांना सगळे मोठीबाई म्हणतात. ‘मोठीबाई गेली तर तुम्हीही टेबल आवरा,’ असं साहेबांनी मला बजावलं आहे. बाईंनी कपाला हात लावला नाही.

“काढायचं तर सरळ काढा, भाऊसाहेब. चहा कशाला पाजता?”

“अहो, काढतंय कोण? राहा म्हणायला बोलावलंय!”

“मग त्या अकरा जणांना काय म्हणायला बोलावलं होतं?”

“तेच. ज्यांचे हात फार हलताना दिसले, त्यांना.”

“काय केलंत हे!” बाईंनी कपाळाला हात लावला. “वीस वर्षांत इथे वर खुर्ची कुणाला मिळाली? ज्याला काढायचं त्यालाच. तुमचा चहा पोटात गेला की माणूस दुसरी नोकरी शोधायला लागतो. आणि हात हलवतात म्हणता, तर खांदे भरून येतात हो! चाराचे सहा माग केले एकेकाकडे. सूत तुटलं की धावा. पाणी प्यायला सवड नाही. हे विचारलंत कधी?”

नव्हतं विचारलं. माझ्या फॉर्मात बावीस रकाने आहेत. त्यात ‘एकूण भावंडे’ आहे, मागांची संख्या नाही. फॉर्म मीच तयार केलेला. (अकरांपैकी किती जण सहा मागांनी घालवले आणि किती मी, हे मोजायला बसलो आणि पेन खाली ठेवलं.) बाई उठताना म्हणाल्या, शनिवारपर्यंत दोन माग कमी झाले तर राहीन. साहेबांना हे सांगणार कोण, ते त्यांनी विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : गेलेल्यांपैकी सात जण भावोजींच्या गिरणीत लागलेत. मी संशय घेत नाही, ताई. पण भावोजी हल्ली आमच्या गेटासमोर दोनदा दिसले, ते कशाला आले होते?

आणखी ता. क. : वरची ओळ त्यांना वाचून दाखवू नकोस. त्यांच्याकडे कारकुनाची जागा आहे का, तेवढं विचार. (एका ओळखीच्या माणसासाठी म्हण.)

(रोजनिशीत) उद्या : सहा मागांचे चार करावेत, असा कागद लिहून साहेबांच्या हातात देणे.