सासूबाईंची कोडी आणि माझा फॉरमॅट

४ मार्च, सकाळ
सासूबाईंचा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडतो. त्या एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचतात, पुढच्या कितीतरी अंकांची कोडी त्यातच आहेत. बायको म्हणाली, दुकानात देऊ. म्हटलं, घरात मी असताना? व्हायरस आहे. माझं निदान सहसा चुकत नाही.

दुपार
स्कॅन लावला. अर्ध्यावर आला की मशीन बंद. व्हायरस हुशार दिसतो. म्हणजे निदान बरोबर.

५ मार्च
निर्णय: सरळ फॉरमॅट मारून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकणे. सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, माझी कोडी? म्हटलं, आई, निर्धास्त राहा, आधी बॅकअप घेतोय. पेनड्राइव्हवर कॉपी लावून चहाला गेलो. आलो तर मशीन बंद. कॉपी संपल्यावरच पडलं असणार. खात्री करायला दुसरा कॉम्प्युटर ऑफिसात. उगाच शंका काढत बसायचा माझा स्वभाव नाही. फॉरमॅट मारला.

६ मार्च
इन्स्टॉल होताना पुन्हा पुन्हा बंद. चिकाटी सोडली नाही. संध्याकाळी नवा कोरा डेस्कटॉप बायकोला दाखवला. सगळंच कोरं आहे की, म्हणाली. कौतुक करायची तिला सवय नाही.

७ मार्च
ऑफिसात पेनड्राइव्ह उघडला. ‘आईची कोडी’ नावाचं फोल्डर आहे. आत काही नाही.
साहेबांनी विचारलं, बरं नाही का? ॲसिडिटी म्हटलं.
घरी सासूबाई वाटच बघत होत्या. फाइली नव्या सिस्टीमसाठी कन्व्हर्ट कराव्या लागतात, म्हणालो. असं काही नसतं. त्या म्हणाल्या, सावकाश करा, तुम्हालाही ऑफिस असतं.

९ मार्च
गेलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर मिळवलं. ते चालू केलं आणि मशीन बंद. बायकोने कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला, म्हणाली, तापलाय. पत्रा काढला. आतल्या पंख्यावर धुळीचा थर, पंखा फिरतच नव्हता. तिने जुन्या टूथब्रशने साफ केला. त्यानंतर कॉम्प्युटर दिवसभर एकदाही बंद पडला नाही. मग सॉफ्टवेअरही शेवटपर्यंत चाललं. कोडी मिळाली नाहीत. ज्या जागी होती तिथे मीच नवी सिस्टीम लिहून ठेवली आहे.
बायकोने पत्रा परत बसवला. बोलली असती तर भांडून मोकळा झालो असतो.

१० मार्च
साप्ताहिकातून फोन. मी आतल्या खोलीत, कानाला हेडफोन, पण त्यात काही वाजत नव्हतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "सगळी कोडी गेली हो. माझ्याच हातून पुसली गेली. वय झालं आता."
म्हणजे त्यांना ठाऊक होतं.
बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. आवाज मोठा केला आणि खरंच गाणं लावलं.

११ मार्च
सांगितलं. कॉपी न तपासता फॉरमॅट मारला, कन्व्हर्टचं खोटं बोललो. सासूबाई डायनिंग टेबलावर कागद घेऊन बसल्या होत्या. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हं. चौकटी आखून द्याल का? माझा हात थरथरतो." म्हटलं, आई, ते सॉफ्टवेअरमध्ये चुटकीसरशी होतं. त्यांनी पट्टी आणि पेन्सिल पुढे सरकवली.
पहिलीच चौकट वाकडी आली. पट्टी घसरली, असं लिहिणार होतो.
मी हलवली.