कविताचं पहिलं बोलणं

११ जानेवारी
गॅरेज रिकामं झालं. माझ्या भाच्याची, रोहनची, माणसं सकाळीच टेम्पो घेऊन आली. टेबलं, दिवे, हिरवा पडदा, सगळं वाशिंदच्या नव्या ऑफिसात गेलं. तीन वर्षं हा व्हिडिओंचा कारखाना माझ्या घरात चालला. 'हुंदड' हे नावसुद्धा माझ्या ओट्यावर ठरलं. रोहन म्हणाला होता, "मावशी, तरुण पोरांचं चॅनल आहे, नाव उड्या मारणारं पाहिजे." आता तिथे लिफ्ट आहे म्हणे.
भिंतीवर चिकटपट्टीचे डाग राहिले. झाडून घेतलं. ह्यांची स्कूटर असायची तिथे.
काहीतरी वाटेल असं धरून चालले होते. वाटलं नाही. चहा दोनदा झाला.

१९ जानेवारी
रोहन जेवायला. वालाचं बिरडं तिसऱ्यांदा मागितलं, म्हणजे काम आहे.
आता मुंबईचे लोक कंपनीत आलेत. 'सरक जरा' महाराष्ट्रभर न्यायचं आहे. तो कविताचा कार्यक्रम. डोळखांबहून आटगाव स्टेशनला येणाऱ्या जीपमध्ये ती शिरते, कॉलेजच्या कुठल्याही पोरापोरीला "सरक जरा" म्हणते, शेजारी बसते आणि स्टेशन येईपर्यंत बोलत राहते. बस्स. एवढ्यावर हुंदड मोठं झालं.
रो. : "तिचं बोलणं जरा साफ करून दे. मुंबईवाले म्हणतात, पुढच्या जिल्ह्यात कळणार नाही."
"साफ म्हणजे कसं?"
"म्हणजे तुझ्यासारखं."
हो म्हटलं. शाळेत जन्मभर तेच तर केलं.

२४ जानेवारी
कविता आली. डोळखांबच्या वरच्या पाड्यातली ही पोर माझ्या वर्गात आठवी ते दहावी मधल्या बाकावर होती. तेव्हाही थांबायची नाही. एकदा इन्स्पेक्टर साहेबांना म्हणाली होती, "साहेब, बसा ना, उभं राहून पाय दुकतील."
दातात पेन्सिल धरून वाचायला दिलं. दोन ओळी वाचल्या आणि पेन्सिल काढली. "बाई, ही दातात धरली तं आमची म्हस पन साफ बोलंल."
हसले. मग म्हटलं, "तर. म्हैस. पण."
"तर. म्हैस. पण," ती म्हणाली.
वही आणली आहे. समास आखून.

२ फेब्रुवारी
आठवड्यातून तीन दिवस येते. वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचते. घरी जाताना जीपमध्येही पुटपुटते म्हणे. ड्रायव्हरने विचारलं, "काय गो, मंत्र शिकतंस काय?"
तिची आई या वर्षी वीटभट्टीवर गेली नाही. एरवी दिवाळी झाली की पाड्याला कुलपं, ती थेट उन्हाळ्यात शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायच्या दिवसांपर्यंत. कविताला कंपनीने कायम केलं म्हणून या खेपेला आई घरी. क. म्हणाली, "आईनं पहिल्यांदाच घरचे वाल तोडले बाई. नाहीतर माकडंच खातात."
'आईने' म्हण, असं सांगितलं. वहीत लिहून घेतलं.

९ फेब्रु.
आज उगाच शाळेची आठवण. माझ्या, तिच्या नव्हे.
कल्याणचं कॉन्व्हेंट, राहायलाही तिथेच. गळ्यात घालायचा एक लाकडी ठोकळा असे, दोरी ओवलेला. मराठी बोलेल तिच्या गळ्यात. संध्याकाळी जिच्याकडे असेल तिने चॅपलच्या पायऱ्या पुसायच्या. माझ्या गळ्यात तो पहिल्या आठवड्यात आला. पुन्हा कधीच नाही. सिस्टर इतर मुलींना माझं उदाहरण देत. मला त्या पायऱ्यांचा गारवा अजून आठवतो, आणि मेणाचा वास, आणि सिस्टरचे स्वच्छ हात. वाईट नव्हत्या त्या. मला ताप आला तेव्हा रात्रभर बसल्या होत्या.
आई महिन्याच्या पहिल्या रविवारी मुरबाडहून यायची. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी. फाटकातूनच हाक, "कुटं हाय गो माजी बाय?" सगळ्या मुली वळून बघत. एकदा तिला म्हटलं, हळू बोल ना.
त्यानंतर ती यायची आणि नुसती बसायची, माझा हात हातात घेऊन. मला वाटायचं, एसटीने दमत असेल.
पुढे मराठी शिकले ती पुस्तकांतून. तीच शिकवली.

२१ फेब्रु.
परीक्षा घेतली. अर्धा तास बोलायला लावलं, पाड्यावरच्या पाण्याविषयी. एक चूक नाही. रो.ने पेढे पाठवले. क. पाया पडली. तिला म्हटलं, आपल्यात पाया पडत नाहीत. तर म्हणाली, "आमच्यात पडतात, बाई."
छान उच्चार होता.

१६ मार्च
रो. आला, बसला नाही. मोबाइल पुढे धरला. एक रेघ, डोंगरासारखी चढते आणि एकदम कडा तुटल्यासारखी खाली.
"आठव्या सेकंदाला लोक निघून जातात मावशी. सगळ्या नव्या एपिसोडना. आणि खाली काय लिहितात बघ."
वाचलं. 'ही बातम्यावाली कोण?' 'आमची कविता कुठं ठेवली?' 'ताई, शाळेची सहल आहे का?'
"मुंबईवाले आता मला विचारतात, तुम्ही तिला बदललं कुणाच्या सांगण्यावरून. त्यांच्याच! पण ते आता कोण सांगणार?" मग म्हणाला, "जीपमध्ये शिरून ती 'कृपया' म्हणते. कृपया सरक जरा!"
ते मी शिकवलेलं नाही. तिचं तिने जोडलं असणार. वर्गातही विचारलं त्याच्यापुढचं एक उत्तर लिहायची.
"तू केलंस, आता तूच परत आण," रो. म्हणाला. रागावून नाही. चप्पल घालता घालता.

१८ मार्च
दुपारभर पडून. गॅरेजमध्ये गेले, परत आले. जेवण आमटी-भात.

२३ मार्च
रो.चा फोन. कल्याणची एक मुलगी आहे, नाटकातली. गावाकडचं बोलणं हुबेहूब करते. मुंबईवाल्यांना आवडली. सहा मेला त्याच जीपमध्ये, त्याच रस्त्याला, आधी कविता आणि मग ती, अशी चाचणी. जी चांगली तिचा कार्यक्रम.
"आणि दुसरी?"
"दुसरीला काय... बघू."
"कविताला माहीत आहे?"
"मीच सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे सर. पूर्वी म्हणाली असती, मरा तिकडं."

२ एप्रिल
कविता पुन्हा येऊ लागली. कानाला यंत्र लावून स्वतःचे जुने व्हिडिओ ऐकते आणि तीच वही उलटी करून मागून लिहिते. काय बोलले, कुठे थांबले, कुठे हसले. मग पाठ म्हणते. मी समोर बसते.
म्हणते ते सगळं बरोबर आहे. शब्द तोच, हेलही तोच. पण एकेक शब्द उचलून ठेवते, काचेची भांडी लावावीत तसा.
मधेच यंत्र काढून म्हणाली, "बाई, माझं पहिलं बोलणं कसं होतं?"
मी म्हटलं, चांगलं होतं.
"म्हणजे कसं?"
सांगता आलं नाही. मराठीची शिक्षिका मी.

१० एप्रिल
आज म्हणाली, तिची आई वीटभट्टीच्या मुकादमाला विचारून आली. पुढच्या दिवाळीला भट्टीवर कामाच्या जोडीत जागा आहे का, म्हणून. "आई म्हणते, आपलं ठरलेलं असलं म्हणजे बरं." इतकंच सांगितलं, आणि पुन्हा पाठ म्हणायला लागली.
मी तिला खिडकीतून जाताना पाहिलं. ओठ हलत होते.

१७ एप्रिल
पाड्यावर जाऊन आले. न कळवता. वाटलं, घरी बसून सराव करून घ्यावा, तिच्या अंगणात तिला सोपं जाईल. डोळखांबपर्यंत जीप, पुढे चालत. राब भाजून झालेत, वावरात काळे चौकोन. माझ्या पांढऱ्या चपला काळ्या झाल्या.
घराच्या कुडाशी पोचले तर मागून मायलेकींचं भांडण. कोंबडीवरून.
"अगं, तू झाकली नाय म्हनून मुंगसानं नेली. आता माज्यावर कशाला ढकलतंस?"
"तुजं ध्यान हाय का घरात? येता-जाता नुसती पोपटावानी बोलतंस."
"पोपट तं पोपट. पोपटाला पेरू तरी दे. सकाळपासून नुसती भाकर खातंय मी."
"तुज्या मोबाइलवाल्यांना सांग, पेरू धाडा."
"धाडतील. आदी तुजा फोटू मागतील, झाडावरची माकडं पळवायला."
दोघी हसत सुटल्या. तिसरंही कुणीतरी हसलं, शेजारची बाई असेल. मी कुडाला धरून उभी. किती वेळ ते लिहिता येणार नाही. हेच ते. हाच तो आवाज, ज्याच्यासाठी लोक जीपमध्ये न बसता जीपमध्ये बसत होते.
मग पुढे झाले.
"बाई! आपण कशा आलात एवढ्या उन्हात? आत बसा ना."
आईनेही पदर सारखा केला आणि गप्प झाली. शेजारीण निघून गेली. पाण्याचा तांब्या आला. मग तिने वही काढली आणि आम्ही सराव केला.

१८ एप्रिल
तिचं बोलणं कुठेही गेलेलं नाही. मी नसले की असतं.
आणि जिथे कॅमेरा आहे तिथे आता मी असतेच, ओट्यावर बसून असले तरी.
हे कळल्यावर रडू यायला हवं होतं. चष्मा पुसला. नळाला पाणी आलं होतं, ते भरलं.

२० एप्रिल
रो.ला फोन. म्हटलं, सहा तारखेला मी येत नाही.
"मावशी, असं करू नको. ती म्हणते, बाई समोर नसतील तर मी बसणारच नाही."
मग तिचाच फोन. "तुम्ही असलात की माझं चुकत नाही, बाई."
येते म्हटलं.
खरं सांगावं का? सांगितलं तर तेच डोक्यात धरून बसेल, बाई आहेत का, बाई नाहीत का. मग नसले तरी असेन. न सांगावं तर मला समोर बसवणार. दोन्हीकडून मीच.

२९ एप्रिल
पत्र लिहिलं तिला. चांगलं उतरलं होतं, चार परिच्छेद, एक खाडाखोड नाही. म्हणूनच फाडलं.

६ मे
स. नऊला डोळखांबचा जीपथांबा. रोहन, कॅमेऱ्याची दोन मुलं, मुंबईचे एक गृहस्थ टोपी घालून. ती कल्याणची मुलगीही होती. गोड आहे. मला नमस्कार करून म्हणाली, "मावशी, मला पण टिप्स द्या ना." काय देणार.
कविताने नवा ड्रेस घातला होता. तिची आई पाड्यातून खाली चालत आली होती, ओटीत कसलंसं गाठोडं. जीपमध्ये कॉलेजची पोरं, एक म्हातारा, बोकड. क. मधल्या बाकावर शिरली आणि शेजारची जागा हाताने धरून ठेवली. माझ्यासाठी.
"या ना बाई."
मी पायरीवर पाय ठेवला. खरंच ठेवला. मग काढला.
"जागा नाही गं. बोकड आहे."
"त्याला पुढे घेतील. बाई, या."
"मला जीप लागते. तुम्ही जा, मी इथे बसते."
खोटं. सतरा एप्रिलला मी याच जीपने आले होते, तिला माहीत आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत नसलं की असंच बघायची. रागावली, की घाबरली, की कळलं तिला, सांगता येत नाही. धरलेल्या जागेवरून हात काढला नाही.
रो. काचेतून खुणा करत होता, मावशी, काय चाललंय. ड्रायव्हर म्हणाला, "चला, बसताय का नाय? का लगीन लावायचंय इथंच?" पोरं हसली.
जीप निघाली. वळणावर दिसलं, ती तोंड फिरवून बोकडवाल्या म्हाताऱ्याला काहीतरी म्हणत होती. म्हातारा बघत होता तिच्याकडे. पुढे झाडं.
टोपीवाले आणि कल्याणची मुलगी मोटारीने मागोमाग गेले. थांब्यावर मी आणि कविताची आई. तिने गाठोडं सोडलं. करवंदं, पानात बांधलेली. आमच्या मधे ठेवली.
"पोरगी घाबरली का वो, बाय?"
"माहीत नाही."
"तुमी गेला नाय ते?"
काय सांगावं. सांगायला लागले तर माझ्या तोंडून नीट, पुरी वाक्यं आली असती. म्हणून तिचा हात हातात घेतला. खरखरीत, कोरडा. तिने काढून घेतला नाही. एका हाताने करवंदं खात राहिली.
जीप आटगावला जाऊन परत यायला खूप वेळ होता. आम्ही दोघी रस्त्याकडे बघत होतो.