वरच्या खोलीतल्या गेमच्या कंपनीची हकिगत

धाकट्या जाऊबाईंस थोरलीकडून आशीर्वाद. (तू वाकून नमस्कार केलास असं धरून चालते. धरायला काय जातं.)

माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडता कपाटावर टाकशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला. भावजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढू नका, उतरून तर अजिबात बघू नका. तुझी तब्येत विचारत नाही. तुझं तोंड चालू आहे तोवर बाकीचं शरीर मागून येतंच. मी ठीक आहे. डाव्या डोळ्याला जरा धूसर दिसतं, पण त्या बाजूला बघण्यासारखं काही नाही. आपण नऊ वर्षं बोललो नाही, त्याचं कारण आता उगाळत बसत नाही. (कुकरचं झाकण माझंच होतं.)

तर नातीची गेमची कंपनी बुडायला आलीय. तीन गेम आपटले, चौथा अर्धा झालाय आणि मोठ्या कंपनीचा साहेब वीस तारखेला तो बघायला येणार आहे. त्याला पटला तर तो गेम बाजारात आणेल आणि हे दुकान चालू राहील. नाही पटला तर नात परगावी नोकरीला जाणार. नेमणुकीचं पत्र येऊन तिच्या टेबलावर पडलंय. गेली तर जाऊ दे. मला वरची खोली परत मिळेल आणि माझं शिलाई मशीन जिन्याखालून बाहेर निघेल. मला काही फरक पडत नाही, हे आधीच लिहून ठेवते.

कंपनी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे फाटक आणि पहारेकरी येईल, तर तसं काही नाही. तीन माणसं, चार कॉम्प्युटर, दोन पंखे, त्यातला एक माणसांसाठी. नात गेम डोक्यातून काढते. लांब्या चित्रं काढतो. (उभा राहिला की दिव्याला डोकं लागतं, म्हणून तो दिवसभर बसतो, तेवढाच कामाला लागतो.) तिसरा मौनी. तो त्या चित्रांना चालायला शिकवतो. दिवसाला दोन शब्द बोलतो, त्यातला एक ‘चहा’.

पहिला गेम योद्ध्याचा. आठ महिने खपून लांब्याने त्याच्या दंडावरची एकेक शीर काढली. पण मौनीकडून पायाखालची जमीन घट्ट करायची राहिली. योद्धा ऐटीत तलवार उपसायचा आणि उभाच्या उभा खाली जायचा. किती खाली, मी विचारलं. नात म्हणाली, “आजी, त्याला तळच नाहीये.” आपल्या घरातले पुरुष निदान खुर्चीपर्यंत गेले की थांबतात. पुढे जमीन घट्ट केली, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. अकरा जणांनी गेम घेतला. त्यातले नऊ नात्यातले, एक लांब्याचा दातांचा डॉक्टर आणि एकाने चुकून.

दुसरा गेम मोटारींच्या शर्यतीचा. गाड्या सुरेख पळायच्या, खोटं कशाला बोलू. पण पोचायचं कुठे यावर तिघांचं जमेना. लांब्याला डोंगर काढायचा होता, नातीला समुद्र पाहिजे होता आणि मौनी काहीच बोलला नाही. शेवटी गाड्या घाण्याच्या बैलासारख्या गोल फिरत राहिल्या. एका गिऱ्हाइकाने लिहून कळवलं की तीन दिवस चालवतोय, उतरू का. नातीने ते वाचलं आणि दार लावून बसली. मी बाहेरून म्हटलं, अगं, त्याला उतर म्हणून तरी कळव.

तिसरा भुताचा, आणि इथे मी मधे आले. यांच्या धंद्यात अशी रीत आहे की गेम झाला की एखादा कोरा माणूस धरून आणायचा, ज्याने जन्मात असलं काही हातात घेतलेलं नाही. त्याला गेमपुढे बसवायचं आणि मागे उभं राहून गप्प बघायचं. सांगायचं नाही, हसायचं नाही, सुचवायचं नाही. तो जे करेल आणि बोलेल ते सगळं रेकॉर्ड करायचं. माझ्याइतकं कोरं माणूस पंचक्रोशीत नाही म्हणून मला बसवलं. (चौथी पास आहे हे मी सांगितलं, पण ते त्यांनी मोजलं नाही.)

गेम असा, की आपण एका घरात एकटे, दाराबाहेर भूत येतं, आपण किंचाळत पळायचं. आता तूच सांग, बाहेर कोणी अनोळखी आलं तर आपण काय करतो? मी दार लावलं, कडी घातली. मग बघते तर नळ वाहतोय, तीन खोल्यांत दिवे चालू, खिडकी आपटतेय. सगळं बंद केलं. भूत बाहेर उभं. मी त्याला म्हटलं, मेल्या, एवढ्या रात्री लोकांच्या दारात उभा राहतोस, घरी कोणी विचारत नाही का, आणि पाय पुसल्याशिवाय आत यायचं नाही. पाऊण तास झाला. भूत हलेना, गेम सरकेना, कारण कोणी शहाणं माणूस दार लावून घेईल हे या तिघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मौनी खाली बसला आणि म्हणाला, “संपलं.” त्या दिवशीचा त्याचा दुसरा शब्द.

पण लांब्या रीत मोडून हसायला लागला. माझं रेकॉर्ड केलेलं बोलणं तिघांनी चारदा ऐकलं, आणि त्यातून चौथा गेम निघाला. यात खेळणारा स्वतःच भूत. त्याने म्हातारीच्या घरात शिरून तिला घाबरवायचं, आणि म्हातारी घाबरण्याऐवजी त्याला कामाला लावते. भिंतीतून आलास तशी पलीकडची जळमटं काढून ये, असं. म्हातारी लांब्याने माझ्यावरून काढलीय, आवाजही माझाच घेतलाय. हनुवट्या दोन काढल्या होत्या, त्याला एक पुसायला लावली.

साहेब मागच्या महिन्यात येऊन अर्धा बघून गेला. पाव तास पोट धरून हसला, मग घड्याळ बघायला लागला. उठताना म्हणाला, “म्हातारी झकास आहे, पण एकटीच बोलते. भूत सगळं मुकाट्याने ऐकून घेतं. हे भाषण झालं, मला भांडण पाहिजे.” अडाणी वाटला होता, पण माणूस जाणकार निघाला.

मग भुताच्या आवाजासाठी एक नाटकातली बाई आणली. आवाज काय खणखणीत. पण मी तिला फटकारलं की ती कागदात बघून उत्तर द्यायची, आणि वर विचारायची, “आजी, लागलं नाही ना तुम्हाला?” असल्या माणसाशी भांडायचं कसं? मलाच तिची दया यायला लागली आणि दोन शब्द गोड निघून गेले. ते पुसायला मौनीला अख्खी दुपार लागली. आता नात दिवसभर खिडकीत उभी असते. लांब्याने रंग आवरायला घेतलेत.

असो. हे सगळं सहज लिहिलं, बऱ्याच दिवसांत खुशाली कळवली नव्हती म्हणून. काही काम नाही. भावजींना नमस्कार.

तुझी थोरली जाऊ

ता.क. काम आहे. जन्मात मला फाडकन उलट उत्तर देणारी एकच बाई भेटली, ती तू. मी बोलायला तोंड उघडलं की माझं वाक्य संपायच्या आत तुझं तयार असायचं, आणि ते लागायचंही नेमकं. (एवढं कौतुक पुन्हा होणार नाही.) वीस तारखेच्या आत ये. चार दिवस लागतील. सकाळची गाडी धर.

आणखी एक. आवाज भुताचा द्यायचाय, हे वर सरळ लिहिलं नाही कारण तू तिथेच पत्र फाडलं असतंस. भूत दिसायला बरं काढलंय. तुझ्याशी काही साम्य नाही, केस दाट आहेत.

आणखी एक. वर नोकरीच्या पत्राखाली, मला काही फरक पडत नाही, असं लिहिलंय ते वाचू नकोस. खोडणार होते, पण पेनने लिहिलं होतं आणि कागद एकच होता. नातीला हे पत्र माहीत नाही.

शेवटचं. वाटेत कंडक्टरशी, हमालाशी कोणाशी बोलू नकोस, तोंड राखून आण. कुकरचं झाकण तुझ्याकडेच आहे, ते हातात दिसेल असं धरून ये. मौनीकडून माईक दारात लावून घेतलाय. पायरीवरूनच सुरुवात कर.