पॉलिसीत अण्णांचं नाव

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई, गुरुवार, संध्याकाळ

सोमवारी अण्णांकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून, बाथरूमचा नळ चालू राहिला आणि खालच्या बाईंचं छत भिजलं. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण माझा नवरा समीर घाबरला. दुसऱ्याचं नुकसान झालं तर आपली घराची पॉलिसी ठरावीक रकमेपर्यंतच भरून देते, वरचं आपल्या खिशातून. म्हणून घर आणि गाडी दोन्हींवर एक जादा पॉलिसी घ्यायची, अंब्रेला म्हणतात तिला. वर्षाला नऊशे दिरहम, म्हणजे जवळजवळ बावीस हजार रुपये.

"एवढे कशाला?" मी म्हटलं.

"घरात बाबा आहेत म्हणून," समीर म्हणाला.

ते अण्णांनी ऐकलं असणार. आज मी ऑफिसमधून आले तर अण्णा बॅग भरून सोफ्यावर बसलेले. "पुण्याचं तिकीट काढ गं. माझ्यापायी तुम्हाला भुर्दंड नको."

वाक्य समीरचं होतं, पण कुरकुर माझीच ना? ती बॅग बघवेना. वरच आमच्या लेकीने, ईराने काढलेलं चित्र, नीट घडी घालून.

मी त्यांच्या शेजारी बसूनच एजंटला फोन लावला. घरात कोण कोण, त्याने विचारलं. मी चौघांची नावं सांगितली.

"माझं कशाला?" अण्णा पुटपुटले.

"घरात राहणाऱ्या सगळ्यांची लागतात, अण्णा."

एजंटला त्यांचं नाव कळेना. शेवटी अण्णांनीच फोन घेतला आणि एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मग त्याने पत्ता विचारला असावा. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि इथला सांगितला, फ्लॅट नंबरसकट.