झाकणावरची रेघ

३ ऑगस्ट

केबिनला दोन बंक आणि एकच किल्ली. ती दुसऱ्या बाईकडे! मी सामान घेऊन पोचले तोवर खालचा बंक तिनं धरलेला – उशीवर चष्म्याचं घर, हुकाला लोकरी टोपी. वय सत्तावन्न. सगळं जहाज तिला ताई म्हणतं, म्हणजे मलाही म्हणावं लागणार.

"तूच ना ती पाण्याच्या कामावरची नवी पोरगी? ये, ये. वरच्या बंकवर पहिले तीन दिवस डोकं आपटतं. मग आपोआप वाकायची सवय लागते."

त्या हसल्या. मी नाही. सहज बोलणारी माणसं समोरच्याकडून जास्त काढून घेतात.

४ ऑगस्ट

सकाळी जेवणघरात सगळ्यांची बैठक. अठरा शास्त्रज्ञ, चार तंत्रज्ञ. मोहिमेचे प्रमुख बर्फाचे अभ्यासक. "पाण्यातलं मला बेताचंच कळतं," हे सरांनी स्वतःच सांगून टाकलं. वीस मिनिटं लाइफजॅकेट, दहा मिनिटं अस्वलं. आणि मग उठता उठता –

"पाण्याच्या टेबलावर सध्या दोघी आहेत. शेवटच्या बंदरात बर्फातून वाट दाखवणारा माणूस चढेल. लाइफबोटीत जागा मोजूनच आहेत. म्हणजे दोघींपैकी एक तिथे उतरेल. दहा दिवसांचे आकडे बघून ठरवू."

मला हे कोणी कळवलं नव्हतं! सात महिने तयारी केली, नोकरी सोडली. ताईंकडे पाहिलं. शांतपणे पावाला लोणी लावत होत्या. त्यांना आधीच माहीत असणार.

वीस वर्षं त्या या जहाजावर आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त. ही त्यांची शेवटची फेरी. इतकी वर्षं काढलेला माणूस जागा सुखासुखी सोडत नसतो.

६ ऑगस्ट

काम सुरू. खोलवरून पाणी वर येतं, त्याच पाण्याच्या चोवीस बाटल्या मी भरायच्या, चोवीस त्यांनी. डेकवर गोठवणारा वारा, हातात मोजे, काचेच्या बाटल्या, प्लास्टिकची झाकणं. मग बाटल्या प्रयोगशाळेत ठेवायच्या. पाणी खोलीइतकं उबदार झालं की यंत्रावर क्षारता मोजायची. मोजणीच्या पुस्तकात स्पष्ट आहे – झाकण लागलं की मोजेपर्यंत बाटलीला हात नाही.

आईचा फोन. उद्यापासून रेंज नाही. "मोठ्या बाईच्या कलानं घे गं. तुझं म्हणजे ताकसुद्धा फुंकून फुंकून."

दुधानं तोंड भाजलंय आई. दोन वर्षांची मोजणी माझी, आणि छापून आलेल्या लेखावर नाव मार्गदर्शकांचं. माझं तळटीपेतसुद्धा नाही.

७ ऑगस्ट

पहिले आकडे. माझे ३४.९१२, ताईंचे ३४.९१२. चोवीसच्या चोवीस जोड्या जुळल्या. ताई म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा." यात काय हेतू असावा?

८ ऑगस्ट

पकडलं!

जेवणाच्या वेळी मफलर विसरले म्हणून प्रयोगशाळेत परत गेले. ताई माझ्या पेटीवर वाकलेल्या. त्यांच्या नाही, माझ्या. माझी एक बाटली हातात, झाकणावर बोटं.

"काय करताय?"

"काही नाही गं, आवळतेय. तू जेवलीस का? आज सूप बरं आहे."

एवढं बोलून बाटली जागेवर ठेवली आणि पुढची उचलली! माझ्यासमोर! म्हटलं, माझ्या बाटल्यांना हात लावू नका. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं बाई. तुझं तू बघतेस ना?"

"बघते."

लगेच सारंगाकडे गेले. डेकवरच्या खलाशांचा हा मुख्य, दोरापासून कुलपापर्यंत सगळं त्याच्याच कोठीत. पेटीसाठी कुलूप मागितलं.

"पाण्याला कुलूप?"

"हो."

९ ऑगस्ट

किल्ली गळ्यात. अंघोळीलाही काढली नाही.

१० ऑगस्ट

ताईंनी किल्ली मागितली. तीही भर जेवणात, सगळ्यांदेखत.

"दे गं जरा किल्ली. दोन मिनिटांचं काम आहे."

"कसलं?"

"अगं, आत सोनं आहे का? खारं पाणीच ना!"

टेबलभर हशा. सारंग म्हणाला, "ताई, पोरीनं समुद्राला कुलूप घातलंय, आता मासे उपाशी मरणार!" पुन्हा हशा. मी सूप संपवलं आणि उठले.

आजपासून आणखी एक बंदोबस्त. बाटली बंद केली की काळ्या शाईनं एक बारीक उभी रेघ – अर्धी झाकणावर, अर्धी काचेवर. झाकण केसभर जरी फिरलं तरी रेघ तुटलेली दिसेल.

१२ ऑगस्ट

९ तारखेच्या बाटल्या मोजल्या. माझे आकडे चढलेत. कुठे ०.००८, कुठे ०.०१५. ताईंचे जिथल्या तिथे. तीन वेळा यंत्र तपासलं. यंत्र ठीक.

मग १० तारखेची पेटी उघडली. चोवीसपैकी सतरा रेघा तुटलेल्या.

कुलूप जसंच्या तसं. ओरखडा नाही. म्हणजे दुसरी किल्ली. कुलूप कोणी दिलं? सारंगानं. रोज चारला सारंग कोणाबरोबर चहा पितो? ताईंबरोबर.

सगळं जुळतं. झाकण सैल केलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आकडा चढतो. साधं, स्वच्छ, हाताला काही न लागणारं काम. वीस वर्षांचा अनुभव यालाच म्हणतात.

बंदर परवा.

१३ ऑगस्ट

नऊ वाजता सरांकडे गेले. पेटी, बाटल्या, दोघींच्या आकड्यांचा तक्ता, सगळं टेबलावर मांडलं. मी आवाज चढवला नाही. आवाज चढवणाऱ्याचं खरंही खोटं वाटतं.

सरांनी ताईंना बोलावलं. "तुम्ही हिच्या बाटल्यांना हात लावलात?"

"लावला की. झाकणं आवळायला. पहिल्या दोन दिवसांत. मग हिनं कुलूप घातलं."

"का आवळायची?"

"सैल होतात म्हणून. सगळ्यांच्याच आवळते मी. विचारा कुणालाही."

म्हटलं, "सर, घट्ट लावलेलं झाकण बंद पेटीत आपोआप फिरत नाही. आणि पुस्तकात हात लावायला मनाई आहे."

सरांनी तक्ता पाहिला. बराच वेळ. तक्त्यात वाद नव्हता – एक रांग सरळ, एक रांग चढलेली.

ताई माझ्याकडे वळल्या. "तू मला एकदा विचारायचंस तरी."

"विचारलं होतं. तुम्ही सूप बरं आहे म्हणालात."

त्या चष्मा पुसत राहिल्या. गप्प बसणं म्हणजे कबुलीच की.

१४ ऑगस्ट

ताई उतरल्या.

एक पिशवी, एक ट्रंक. सारंगानं ट्रंक खाली नेली, धक्क्यावर दोघं उभे होते. वर आल्यावर तो माझ्या अंगावरून गेला, नजर नाही दिली. स्वयंपाक्यानं माझं ताट न बोलता पुढे सरकवलं. चालेल. मी इथे माणसं जोडायला आलेले नाही.

जागा माझी!

वाट दाखवणाऱ्यानं नव्या माणसासारखं दोनदा डोकं आपटलं – त्याला बंक चार नंबरच्या केबिनमध्ये मिळाला. केबिन आता मला एकटीला. खालच्या बंकवर झोपून पाहिलं. मग परत वर गेले.

१७ ऑगस्ट

बर्फ. दुधावरच्या सायीसारखा आधी पातळ, मग सुरकुत्या, मग जाड पापुद्रे एकमेकांवर चढलेले. जहाज त्यातून जातं तेव्हा सगळ्या भिंती गुरगुरतात. टेबलावरची पेन्सिल आपली आपण चालते.

सारंगाकडून कुलूप बदलून घेतलं. किल्ली एकच, याची त्याच्यासमोर खात्री केली. "तुमचा समुद्र, तुमची किल्ली," म्हणाला.

२० ऑगस्ट

आकडे चढलेत. ०.०१२. एकोणीस रेघा तुटलेल्या.

नवं कुलूप. एक किल्ली. ताई नाहीत.

सारंग?

२१ ऑगस्ट

सारंगाचं नाव मी काल लिहिलं ते खोडत नाही. पण दिवसभर तो डेकवर होता, मी खिडकीतून पाहत होते. आणि तरी दुपारपर्यंत आणखी दोन रेघा सरकल्या. पेटी माझ्या मांडीशी होती.

२३ ऑगस्ट

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं – प्रयोग.

काल एकाच पाण्याच्या बारा बाटल्या घेतल्या. डेकवर, त्याच गार वाऱ्यात, पूर्ण ताकद लावून बंद केल्या. खोलीत आणून चार तास ठेवल्या. मग त्यातल्या सहांची झाकणं पुन्हा आवळून पाहिली.

सहाही फिरली. पाव वळसा, एक तर जवळजवळ अर्धा. सहज, बोटांच्या जोरानं.

उरलेल्या सहांना हात लावला नाही. आज मोजलं. आवळलेल्या सहा: ३४.९०७, सगळ्या. न आवळलेल्या सहा: ०.००९ पासून ०.०१४ पर्यंत चढलेल्या.

काच आणि प्लास्टिक गारठ्यात सारखी आकसत नाहीत, उबेत सारखी फुगत नाहीत. थंडीत घट्ट बसलेलं झाकण खोलीत आलं की सैल होतं, आणि इंजिनाची थरथर त्याला फिरवते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र! मला त्यात शंभरपैकी सत्त्याण्णव होते. मी शिकले ती प्रयोगशाळा मात्र बारा महिने पंचवीस अंशावर. तिथे झाकण एकदा लावलं की लागलं. पुस्तकही तिथेच लिहिलेलं असावं.

ताई दुसऱ्यांदा आवळत होत्या. स्वतःच्या, आणि माझ्याही. ७ तारखेचे माझे चोवीस आकडे त्यांच्या हातामुळे जुळले होते. मी कुलूप घातलं आणि ते बिघडले.

तक्ता नीट उतरवून ठेवला आहे. सरांना दाखवायचा. उद्या.

२४ ऑगस्ट

आज सर दिवसभर बर्फावर. भेट नाही.

२५ ऑगस्ट

सर होते. मी गेले नाही. दाराशी गेले होते, आत हसण्याचा आवाज होता, मग बरं दिसलं नसतं.

दाखवलं तर काय होईल, ते एकदा मांडून पाहिलं. आकडे माझे चुकले. तक्रार माझी चुकली. वाट दाखवणारा नऊ दिवसांनी परत उतरणार, त्याला न्यायला बोट येणार. तिच्यात जागा असते.

आता मी सगळ्या बाटल्या दोनदा आवळते. आकडे उत्तम येतात.

२६ ऑगस्ट

सरांनीच बोलावलं. ताईंबद्दलचा अहवाल किनाऱ्यावरच्या कार्यालयाकडे पाठवायचा होता. नमुन्यांत हेतुपुरस्सर ढवळाढवळ. सबब त्यांची मागची वीस वर्षांची मोजणी अविश्वसनीय धरावी, आणि संग्रहातून वगळावी.

"तक्रार तुझी आहे, तेव्हा नीट वाचून घे. काही चुकलंय का?"

दोनदा वाचलं. एक चूक होती – तक्रारीची तारीख १३ ऐवजी १२ पडली होती. ती दुरुस्त करून घेतली. मग सही केली.